परतीच्या दिशेचे चार डेसिबल

माझी थोरली बहीण प्रमोदिनी ज्या गावात टेलिफोन ऑपरेटर होती, त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. गडहिंग्लजच्या पुढं, सीमेला लागून आहे, एवढं पुरे. त्या वेळची माणसं तिथं अजून आहेत.

मी तेव्हा कोल्हापुरात टेलिफोन खात्यात रिपीटर स्टेशन असिस्टंट होतो. नाव भारदस्त, काम सांगायला सोपं. तारेवरून आवाज जाताना वाटेत जिरत जातो. जिरलेला भरून काढायला ॲम्प्लिफायर असतो. तार किती खाते आणि ॲम्प्लिफायर किती देतो, हे आम्ही डेसिबलमध्ये मोजायचो. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट, दहा वाढले की दहापट, वीस वाढले की शंभरपट. एरवी गुणाकार-भागाकार करत बसावं लागलं असतं, ते डेसिबलमुळं नुसत्या बेरीज-वजाबाकीवर भागायचं. ताईच्या गावची तार चौदा डेसिबल खायची. आमचा ॲम्प्लिफायर अकरा द्यायचा. राहिले उणे तीन. उणे तीनवर आवाज पोचला की लाईन चांगली, असा खात्याचा आकडा ठरलेला.

पूर्ण चौदा का द्यायचे नाहीत, असं नवीन आलेला प्रत्येकजण विचारायचा. कारण दोनच तारांवरून दोन्ही बाजूंचं बोलणं जायचं-यायचं. पॅनेलवर जायच्या दिशेला एक नॉब होता, परतीच्या दिशेला दुसरा. दोन्ही मिळून फार चढवलं तर आवाज फिरून फिरून स्वतःतच शिरतो आणि लाईन शिट्टी मारायला लागते. मग कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. आम्ही म्हणायचो, लाईन गायला लागली.

ताईला क्षय झाला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. त्यात मुलाकडच्यांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. त्या काळी कुणीही मोडलं असतं. वर्षभर दवाखान्यात राहून, इंजेक्शनं घेऊन ती बरी झाली. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्यासाठी पुन्हा स्थळं बघायचा प्रयत्न केला, पण छातीचा आजार म्हटल्यावर लोक चहासुद्धा अर्धा टाकून उठायचे. अडुसष्ट साली तिला ऑपरेटरची नोकरी लागली आणि ती सीमेवरच्या त्या गावात एकटी राहायला गेली.

मी दोनदा तिथं गेलो होतो. एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बोर्ड, मागच्या खोलीत ताईचा संसार. गावात साठ-सत्तर टेलिफोन. सगळ्यांचे नंबर, सगळ्यांच्या घरची भांडणं, कुणाची सून बाळंतपणाला गेली, कुणाच्या गुळाला काय भाव आला, हे तिला पाठ. "बाई, जरा कोल्हापूर लावा की," असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "लावते, पण आधी सांगा, म्हातारीचा पाय बरा झाला का?" तिचा आवाज मऊ, स्वच्छ. चेहरा माहीत नसलेली माणसंसुद्धा त्या आवाजाला ओळखायची. जिला कुणी घरात घेत नव्हतं, ती गावातल्या सगळ्या घरांत होती. हे मी तेव्हा तिला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

बाहत्तरच्या जूनमध्ये तिच्या रुमालाला पुन्हा रक्त लागलं. ते तिनं फक्त मला कळवलं. पुढच्या जानेवारीत ती नोकरीत कायम व्हायची होती. त्याआधी वैद्यकीय तपासणी. तोवर छाती कोरडी झाली पाहिजे, असं तिनं ठरवलं. गावातल्याच डॉक्टरांकडं तिनं इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कानात गुणगुण वाटली किंवा चालताना तोल गेला तर लगेच सांगायचं, हे औषध कधी कधी कान खातं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तिनं मला टेस्ट रूमच्या फोनवर बोलावून घेतलं.

"यज्ञा, लाईन फार मंद झालीय रे. कोल्हापूरच्या मुली बोलतात ते कळतच नाही."

"बघतो," मी म्हटलं.

"काय?"

"बघतो म्हटलं!"

आमचा लाईनमन केरबा याला मी मीटर देऊन पाठवला. त्यानं दोन दिवस सगळी लाईन पालथी घातली, खांबावर चढून सांधे तपासले, आणि ताईच्या एक्स्चेंजमधून मला फोन केला. मी कोल्हापुरातून सूर सोडला, त्यानं तिकडं मोजला.

"उणे तीन, साहेब. काटा जागचा हललेला न्हाय. तार ठणठणीत हाय."

"नीट बघितलंस?"

"बघितलं की. येक सांधा घासला, पर त्यात काय न्हवतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, ताईस्नी मी मागनं दोनदा हाक मारली. वळल्या न्हाईत."

मला त्याच क्षणी कळलं. पुढं चार महिने, मला काही कळलेलं नाही असं मी स्वतःलाच सांगत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी जायच्या दिशेचा नॉब दोन डेसिबल वर केला. ताईला विचारलं, "आता?"

"आता बरं आहे. अजून थोडं देशील?"

अजून दोन चढवले तर लाईन गायला लागली. मग मी बेरीज केली. जायच्या दिशेला अकरा आणि परतीला अकरा, मिळून बावीस. बावीसपर्यंत लाईन हमखास शांत राहते, त्यापुढं भरवसा नाही. म्हणजे जायच्या दिशेला पंधरा द्यायचे असतील तर परतीला सात ठेवायचे. मी परतीचे चार डेसिबल काढले आणि जायच्या दिशेला घातले. शिट्टी थांबली.

"आता लख्ख ऐकू येतंय," ताई म्हणाली. तिला बरं वाटलेलं ऐकून मलाही बरं वाटलं.

चार डेसिबल म्हणजे अडीच पट. कोल्हापूरहून ताईकडं जाणारा आवाज अडीच पट झाला, आणि ताईकडून कोल्हापूरला येणारा अडीच पट कमी झाला. आमच्या ट्रंक बोर्डवरच्या मुली आठवड्याभरात कुरकुरू लागल्या, तिकडचं फार बारीक येतं म्हणून. तार जुनी आहे, बदलायला मागणी केलीय, असं मी सांगितलं. मग त्यांना सवय झाली. त्या गावची लाईन लागली की त्या पहिल्यापासूनच ओरडायच्या, "मोठ्यानं बोला, प्रमोदिनीताई, मोठ्यानं!"

दिवाळीला ताई चार दिवस मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आली. फराळाला बसलो असताना अप्पा काहीतरी विचारत होते, ती दुसरंच उत्तर देत होती. आम्ही हसलो की ती हसायची, पण जरा उशिरा. दिवेलागणीनंतर ती भिंतीला हात लावून चालायची. अप्पा मला म्हणाले, "प्रमोदिनीचं लक्ष कुठं असतं हल्ली?"

ती परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला गच्चीवर गाठलं. समोर उभा राहून, ओठ हलताना दिसतील असं बोललो.

"ताई, कानात गुणगुण होते?"

"सारखी. रातकिडे बसल्यासारखे."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर बंद करतील इंजेक्शनं. मग छातीचं काय?"

"आपण मिरजेला कान दाखवूया."

"जानेवारी होऊ दे. एकदा कायम झाले की दाखवू." तिनं माझा हात धरला. "तोवर तू लाईन सांभाळ, यज्ञा. एवढंच कर माझ्यासाठी."

मी हो म्हटलं.

चौदा डिसेंबरला, गुरुवारी, जे झालं ते मला नंतर कॉलच्या तिकिटांवरून आणि लोकांच्या बोलण्यातून जुळवावं लागलं. कळंब्याच्या बाजूचा जोतीराम नावाचा शेतकरी. त्याची आई झुंबरबाई कोल्हापुरात दवाखान्यात होती आणि सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळच्यांना बोलावून घ्या. म्हातारी सारखं एकच म्हणत होती, अंबूला बोलवा. अंबूबाई ही तिची एकच लेक, ताईच्या गावात दिलेली. तिच्या घराला लागून लाकडाची वखार होती, तिथं टेलिफोन होता. नंबर साठ. जोतीरामनं अकरा वाजता अर्जंट कॉल लावला. एकची एस.टी. अंबूला मिळाली असती तर ती साडेचारपर्यंत आईजवळ पोचली असती.

कोल्हापूरच्या मुलीनं ताईला सांगितलं, "साठ नंबर द्या."

साठमधला स ताईच्या कानापर्यंत पोचला नाही. ती बारीक, वरच्या पट्टीतली अक्षरं तिच्या कानातून आधीच गेली होती. तिला ऐकू आलं, आठ. आमच्याकडं नियम होता, नंबर उलट म्हणून दाखवायचा. ताईनं नियम पाळला. ती म्हणाली, "आठ?" परतीच्या दिशेनं ते एवढं बारीक आलं की कोल्हापूरच्या मुलीला ते साठच वाटलं. ती म्हणाली, "हो."

ताईच्या चुकीवर बसवलेलं कुलूप होतं तो नियम. ते मी चार महिन्यांपूर्वीच काढून ठेवलं होतं.

आठ नंबर गुळाच्या अडतीचा. दिवाणजीनं उचलला. "अंबूबाई? हितं अशी कोण बाई न्हाय," म्हणून ठेवून दिला. कोल्हापुरात जोतीरामला सांगितलं, पार्टी नाही, म्हणजे बोलावलेलं माणूस तिथं नाही. तो म्हणाला, नसंल कशी, परत लावा. परत तेच झालं. दिवाणजी ह्या वेळी खेकसला. तिसऱ्यांदा लावेपर्यंत दीड वाजला आणि गाडी गेली. त्या वेळी मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डबा खात होतो.

झुंबरबाई संध्याकाळी सातला गेली. पहाटेच्या गाडीनं माणूस गेला, पण अंबूबाई येऊन पोचेपर्यंत भावकीनं थांबू दिलं नाही. ती आली तेव्हा सरण जळून गेलं होतं.

सोमवारी जोतीराम तिन्ही कॉलची तिकिटं घेऊन ऑफिसात आला. उंच, रापलेला माणूस. त्यानं शिवीगाळ केली नाही, पण त्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येत होता.

"माझ्या आईनं दिसभर दाराकडं बघितलं. आली का अंबी, आली का अंबी. मी म्हनायचो, येतीया, गाडीत बसलिया. मी मरत्या मानसाशी खोटं बोललो. वखारवाला म्हनतोय, त्याचा फोन वाजलाच न्हाय. मग तुमी तीनदा कुनाला लावला वो?"

आमच्या साहेबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, लेखी तक्रार घेतली. मग मला बोलावलं. "उद्या सकाळी दोन्ही बाजूंनी लाईन मोजायची. मी स्वतः उभा राहणार. लाईनचा दोष निघाला तर आपला, नाही तर ऑपरेटरचा."

मी वर आलो. पॅनेलसमोर कुणी नव्हतं. परतीच्या नॉबवर सात होते, जायच्या नॉबवर पंधरा. साहेबांना जाऊन सांगावं, असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं. पण नोकरी गेली तर अप्पांचं कसं व्हायचं, ताईचं कसं व्हायचं, असे विचार त्याच्या मागोमाग आले, आणि मी त्यांना मोठे होऊ दिलं. मी दोन्ही नॉब अकरावर आणून ठेवले.

दुसऱ्या दिवशी केरबा तिकडून आकडे सांगत होता. उणे तीन. इकडंही उणे तीन. साहेबांनी कागदावर लिहिलं, लाईन निर्दोष. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "तुमची बहीण आहे, मला माहीत आहे. वाईट वाटतं. पण दोष माणसाचा दिसतोय."

"हो, साहेब," मी म्हटलं.

चौकशीला दोन अधिकारी गेले. एकजण ताईच्या मागं उभा राहून तिच्याशी बोलला. एवढ्यावरच चौकशी संपली.

मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांकडं मीच तिला घेऊन गेलो. त्यांनी तिला कानावर डबे लावून काचेच्या खोलीत बसवलं आणि एकेक सूर देत गेले. ऐकू आला की बोट वर करायचं. बराच वेळ ताईचं बोट मांडीवरच होतं. मग डॉक्टरांनी आलेख माझ्यापुढं ठेवला. खालच्या सुरांना चाळीसची घट, वरच्या सुरांना पंच्याऐंशी. एकक डेसिबल.

माझंच एकक बघून मला धीर आला, हे सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "डॉक्टर, पंच्याऐंशीची घट असेल तर तेवढी वाढ देता येईल ना? मी ॲम्प्लिफायरचंच काम करतो."

ते म्हणाले, "ही तार नव्हे. तारेत आवाज नुसता बारीक होतो. हिच्या कानातल्या आवाज ओळखणाऱ्या पेशीच मेल्यात. तुम्ही कितीही मोठा आवाज दिलात तरी घ्यायला तिथं कोणी नाही." मग त्यांनी विचारलं, "इंजेक्शनं कधी थांबवली?"

"डिसेंबरात."

"सहा-सात महिने? इतकी का दिली? शेवटच्या दोन-तीन महिन्यांनी जास्त नुकसान केलंय. आधी थांबली असती तर बरंच वाचलं असतं."

इतकी का दिली, ते मला माहीत नव्हतं. ताई आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती.

घरी येऊन मी तरीही यंत्र बनवलं. महिनाभर रोज ड्युटीवरून आल्यावर तेच काम. वरच्या सुरांना जास्त वाढ, खालच्यांना कमी, अगदी आलेखाबरहुकूम. कागदावर बेरीज शून्य येत होती. एका रविवारी दुपारी मी ते ताईच्या कानाला लावलं आणि समोर बसून म्हटलं, "ताई, ऐकू येतं?"

तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी हललं. "आवाज येतोय," ती म्हणाली.

"मी काय म्हणालो?"

"काय?"

"मी आत्ता काय म्हणालो?"

"आवाज येतोय रे. शब्द नाहीत." तेवढ्यात अप्पांच्या हातून पाण्याचा तांब्या फरशीवर पडला. ताई किंचाळली, दोन्ही हात कानावर दाबून खाली बसली. मी यंत्र काढून घेतलं. तिनं पुन्हा ते लावलं नाही आणि मीही आग्रह केला नाही.

मार्चमध्ये खात्यानं तिला वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून घरी पाठवलं. तिचं सामान आणायला मी आणि केरबा गेलो होतो. बोर्डवर नवी मुलगी बसली होती. निघताना गावातली आठ-दहा माणसं आली. ती ताईशी बोलत होती, आणि ताई हसून मान हलवत होती, सगळ्यांना सारखीच.

एप्रिलमध्ये मी जोतीरामकडं गेलो. तो गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता.

"या पावणं. कुठनं आलासा?"

मी सगळं सांगितलं. नॉब, चार डेसिबल, साठ आणि आठ, आणि सोमवारी दुपारी मी काय केलं तेही. त्यानं वैरणीची पेंडी खाली ठेवून ऐकून घेतलं. मध्ये काही विचारलं नाही.

"म्हंजी तुमच्या भनीला ऐकू येत न्हाय, ह्ये तुमाला ठावं हुतं."

"होय."

"कवापासनं?"

"ऑगस्टपासून."

"मग?"

मी म्हशीकडं बघितलं.

"मग, म्हंतो मी?" तो पुन्हा म्हणाला. रागानं नव्हे. त्याला खरंच उत्तर हवं होतं. शेवटी तो म्हणाला, "अंबीला ह्यातलं काय सांगू नगासा. तिला वाटतंय, तार तुटली हुती. तुटली हुती तर तुटली हुती. ऱ्हाऊंदे तसंच." मग पेंडी उचलून माझ्याकडं पाठ करून म्हणाला, "आनि हिकडं परत येऊ नगा."

साहेबांना मी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताईला नोकरी परत मिळाली नसती, हे खरं. पण त्या कागदावर तिच्या एकटीचं नाव राहिलं नसतं.

ताईला सांगायला मी आणखी दीड वर्ष घालवलं. तोपर्यंत आमचं बोलणं वहीत लिहून चालायचं. ती स्वतः फार कमी बोलायची, कारण आपला आवाज किती निघतो हे तिला कळायचं नाही, आणि एकदा शेजारच्या बाई "ओरडतेस कशाला" असं म्हणाल्याचं तिनं ओठांवरून वाचलं होतं. तिचा तो मऊ आवाज गेला होता. उरला होता तो सपाट, चढा, बहिऱ्या माणसाचा.

मी वहीत पान-दीड पान लिहिलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं दोनदा वाचलं.

"म्हणून होय," ती म्हणाली. "म्हणून त्या मुली सारख्या म्हणायच्या, मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला."

मी मान हलवली.

"मला वाटलं, माझाच आवाज गेला. छाती पुन्हा भरली, म्हणून जोर निघत नाही. दिवाळीच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, आता फोटो चांगला आहे, इंजेक्शनं थांबवू, गोळ्यांवर भागेल. मीच म्हटलं, नको. माझ्या आवाजात जोर नाही, कोल्हापूरला ऐकू जात नाही, अजून द्या. ते नको म्हणत होते. मी हट्टानं घेतली." ती वहीकडं बघत होती. "छाती बरी होती रे तेव्हा."

तिनं हे सगळं इतक्या मोठ्यानं सांगितलं की खालच्या बिऱ्हाडात रेडिओ चालू होता तो कुणीतरी बंद केला. मी तिचा हात धरायला गेलो. तिनं काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतर ती मला कधी टाकून बोलली नाही. पूर्वीसारखी ताटं वाढायची, माझे शर्ट घड्या करून ठेवायची. अप्पा गेले तेव्हा आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही. तिच्यासाठी केलं नाही असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. कुणाला घरात आणून हे सगळं समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. ऑफिसात मला दोनदा बढती मिळाली. लाईन उत्तम सांभाळतो, असा माझा लौकिक होता.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात तिला पुन्हा ताप येऊ लागला. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी थुंकी तपासून आणली आणि मला बाजूला घेतलं. रोग परत आला होता. जुनं इंजेक्शन आता लागू पडणार नाही, जंतूंना त्याची सवय झालीय. नवी औषधं आहेत, पण छाती फार खराब आहे, फार आशा धरू नका, असं ते म्हणाले. ताई बाकावर बसून आमच्याकडं बघत होती. डॉक्टर मान वळवून बोलत होते, त्यामुळं तिला काही वाचता आलं नव्हतं.

मी तिच्याजवळ येऊन बसलो. तिनं पिशवीतून वही आणि पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं. बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

मी वही उघडली. बराच वेळ पेन्सिल कागदाला टेकवून बसलो. काही लिहिलं नाही. शेवटी तिनंच माझ्या हातातून वही घेतली, मिटली, पिशवीत ठेवली, आणि घरी जायला उठली.